बाहुलीवरचे चोवीस काळे ठिपके

माझा नातू नील जन्मला ते साल २००६. मे महिन्याच्या नऊ तारखेला तो झाला. त्याच्या आधी बारा दिवस मी सुनेच्या बाळंतपणासाठी सावंतवाडीहून सिंगापूरला आले होते. मुलगा प्रबोध तिथे पाया लेबारला एका बँकेत नोकरीला. सून मीनल. थोरली नात कादंबरी तेव्हा दहा वर्षांची होती. यिशुनला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. शेकशेगडी झाली, बारसं झालं, तरी मीनल म्हणाली, "आई, अजून राहा." व्हिजिट पास वाढवून मिळाला आणि मी राहिले.

कादंबरी दर शनिवारी तोआ पायोहला बॅले शिकायला जायची. तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. एमआरटीचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, रस्ता दोन खेपांत पाठ झाला. क्लास दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढल्या, आत पाय टाकला आणि तिथेच थांबले.

समोरच्या कपाटात आमच्या ठकी उभ्या होत्या.

आम्ही चितारी. लाकडी खेळणी करायची आणि रंगवायची हा घरचा धंदा. ठकी म्हणजे जुनी लाकडी बाहुली; खाली घंटेसारखा घेर, वर गोल डोकं, हात असलेच तर अंगाला चिकटलेले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ठकीच रंगवल्या. अक्षरं मी पन्नाशीला, साक्षरतेच्या वर्गात शिकले. त्याआधी हाताला येत होत्या त्या रेषा आणि ठिपके.

कपाटातल्या बाहुल्या आमच्या नव्हेत हे दुसऱ्या नजरेला कळलं. त्या मातीच्या होत्या. पांढरंशुभ्र तोंड, गालावर दोन लाल गोळे, घेरावर नारिंगी, जांभळी, हिरवी वर्तुळं आणि पट्टे, डोक्यावर उंच टोपी. एकीच्या काखेत पिलू, एकीच्या हातात घागरी. पण घेर तोच. हात चिकटलेले तसेच. सात समुद्रांपलीकडे कोणी माझ्या सासूच्या हाताखाली शिकल्यासारखी. मी विचारण्याआधीच एक उचलली आणि उलटी करून तळ पाहिला.

"ए, नो टच!" कादंबरी ओरडली. "आजी, टीचर रागवेल!"

टीचर मागेच उभी होती. उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ती रागावली नाही. तुटक इंग्रजीत काहीतरी बोलली, ते कादंबरीनं मला सांगितलं. "टीचर म्हणते, सगळे लोक बाहुलीचं तोंड बघतात. बनवणारा आहे तोच बूड बघतो. तू बनवते का, असं विचारते."

अशी माझी आणि गालीना पेत्रोव्हनाची ओळख झाली. ती रशियातल्या किरोव्ह नावाच्या गावची. तिथे एका नाटकघरात तिनं तीस वर्षं बॅले शिकवला होता, बॅलेचे कपडे आणि पडदेही तयार केले होते. त्या बाहुल्या तिच्या गावाजवळच्या दिमकोवो वस्तीतल्या. तिथे बायकाच त्या करतात, खडू दुधात कालवून पांढरा हात देतात, रंगात अंडं घालतात. आम्ही खडू चिंचोक्याच्या खळीत कालवतो, असं मी कादंबरीकडून कळवलं. गालीनानं लगेच वही काढून ते लिहून घेतलं.

तीही मला कादंबरीचं ऐकून 'आजी' म्हणायला लागली. मी एकदा म्हटलं, "हिला सांग, मी सहासष्टची, ही अडुसष्टची. आजी मी कशी?"

कादंबरीनं सांगितलं. गालीना हसून काहीतरी म्हणाली.

"टीचर म्हणते, तुला नातवंडं आहेत, मला नाही. सो तू सीनियर, ला." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची तिथली सवय कादंबरीला होती.

डिसेंबरात क्लासच्या मुलींचा कार्यक्रम होता आणि गालीनानं त्यासाठी स्वतः एक छोटा बॅले बसवला होता, त्या बाहुल्यांवरून. बाजारात खेळणी मांडलेली असतात, त्यातली एक मातीची बाई जिवंत होते, एवढीच गोष्ट. मला वाटलं होतं, मुलींना बाहुल्यांसारखे कपडे घातले की झालं. पण तिनं चाल बाहुलीवरून काढली होती. घेराखाली पाय दिसत नाहीत, म्हणून पावलं इतकी बारीक टाकायची की मुलगी जमिनीवरून घसरत गेल्यासारखी वाटावी. हात कमरेला चिकटलेले, कपाच्या कानासारखे. मान वळवायची ती एकदम. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघायची आणि मला धक्काच बसायचा. आम्ही ठकी करायचो, जत्रेत विकायचो, पोरं ती चोखायची, आपटायची, वर्षभरात चुलीत जायची. इथे शिकलेली बाई तेच खेळणं हातात घेऊन पोरींना म्हणत होती, नीट बघा, ही कशी उभी आहे ते शिका.

त्या बॅलेत एक मोठी बाहुली होती. पुरुषभर उंच, वेताच्या कामट्यांवर कागदाचा लगदा थापून केलेली, आत एक मूल उभं राहील एवढी पोकळ. दोन भागांची, पाठीमागून कड्या काढल्या की पेटाऱ्यासारखी उघडायची. तळाच्या कडेला जाड लोकरी पट्टी चिकटवलेली, म्हणजे ती आवाज न करता सरकावी. पडदा उघडल्यापासून सात मिनिटं नाचणारी मुलगी आत गपचूप उभी राहणार, मग बाहुली उघडणार आणि ती बाहेर येणार. अंगानं लहान म्हणून कादंबरीची निवड झाली. घरी आली ती उड्या मारतच. ऑक्टोबरात दोन-तीनदा ती कोऱ्या बाहुलीत उभी राहूनही आली होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गालीना तापानं पडली. कार्यक्रम महिन्यावर आलेला आणि मोठी बाहुली अजून नुसती करडी, कागदी. क्लासच्या मालकीणबाई मिस चुआ हवालदिल झाल्या. मी म्हटलं, मी रंगवते. गालीनानं अंथरुणातून कागदावर रंगीत चित्र काढून पाठवलं. कादंबरीची शाळा चालू होती, म्हणून मी एकटीच जायची. मिस चुआ कुलूप उघडून द्यायच्या आणि खाली आपल्या ऑफिसात बसायच्या.

खूप वर्षांनी एवढं मोठं काम हाताला आलं होतं. पहिल्यांदा मी बाहुलीवरून सगळीकडे हात फिरवला, जसा आम्ही लाकडावरून फिरवतो. टोपीच्या काठाखाली बोट जाईल एवढी बारा भोकं लागली. तशीच बारा खाली, घेराच्या झालरीखाली.

आमच्या ठकीचं पांगाऱ्याचं लाकूड मऊ, त्याला कीड लागते. भोक राहिलं की त्यातून दमट हवा शिरते आणि वरची लाख पोपडा होऊन उडते. माझ्या सासूबाईंचा नियम होता: भोक दिसलं की भर, भरलं की ठिपका दे. भरलेली जागा कितीही घासली तरी रंगाखालून दिसते. तिच्यावर काळा ठिपका दिला की गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते. एकदा मी एक भोक तसंच सोडलं, तर सासूबाईंनी अख्खी ठकी माझ्यासमोर चुलीत घातली होती.

बाहुलीची भोकं एका ओळीत होती, सारख्या अंतरावर होती. आज मी ते लिहिते तेव्हा मला कळतं. त्या दिवशी मला वाटलं, कामट्या बांधताना सळई आरपार गेली असणार आणि ताप आला म्हणून बाईचं भरायचं राहिलं. एवढं साधं! मी घरी साठवलेले चिंचोके भाजले, सोलले, भिजवून वाटले, शिजवून घट्ट खळ केली, खडू घातला, कागदाचा चुरा घातला, आणि चोवीसच्या चोवीस भोकं आतून-बाहेरून पक्की भरली. वर पांढऱ्याचे तीन हात दिले. मग चार दिवस रंगवलं. ठिपके मी चित्रापेक्षा चोवीस जास्त दिले.

गालीना बरी होऊन आली तेव्हा बाहुली पाहून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. लांब उभी राहून बघितली, मग माझ्या गालांचे तीन मुके घेतले. तिला जवळचं धड दिसत नव्हतं, चष्मा सारखा डोक्यावर असायचा. टोपीखाली काळे गोल होते, झालरीखाली काळे गोल होते. तिनं भोकं केली होती तिथे तिला भोकंच दिसली.

दोन डिसेंबरला, शनिवारी दुपारी, हॉलमध्ये रंगीत तालीम होती. प्रबोध सुट्टी काढून आला होता. मी पहिल्या रांगेत. बाहुली रंगवल्यानंतर पहिल्यांदाच, पडद्याआड गालीनानं कादंबरीला आत उभं केलं, कड्या लावल्या. दोघींचं ठरलेलं होतं: बाहेरून एकदा टकटक झाली की आतून दोनदा करायची, म्हणजे सगळं ठीक. पडदा उघडला. बाहुली मधोमध, वरून दिव्यांचा झोत, भोवती छोट्या मुली आपल्या घेरांत. प्रबोध माझ्या कानात म्हणाला, "आई, हे तू केलंस?" मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात गाणं अडकलं. मशीन तेच तेच दोन सूर म्हणायला लागलं. मिस चुआंचा माणूस धावला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुलींनी जांभया दिल्या. गालीनानं जाऊन बाहुलीवर टकटक केली. आतून दोनदा उत्तर आलं, ते मी कानांनी ऐकलं. तिनं वळून आम्हाला अंगठा वर करून दाखवला. दुसरं मशीन आणलं. पुन्हा पहिल्यापासून गाणं सुरू झालं, पुन्हा सात मिनिटं. शेवटी ढोल वाजला, गालीनानं मागून कड्या काढल्या, बाहुली उघडली.

कादंबरी बाहेर आली ती तोंडावर पडत. हात पुढे घेतले नाहीत. माझ्या आधी गालीना पोचली, तिनं पोरीला उताणं केलं. तोंड राखेच्या रंगाचं, ओठ काळपट, अंग असं भाजत होतं की तिच्या गळपट्ट्याला हात लावून मी मागे घेतला. प्रबोध कोणाला तरी ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगत होता. कोणीतरी बर्फ आणला. छोट्या मुली रडायला लागल्या. मी तिथेच उभी होते आणि मला एकच दिसत होतं, की तिच्या केसांना माझ्या पांढऱ्या रंगाची पूड लागली आहे.

इस्पितळात दोन तासांनी तिनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, उष्णता आणि कोंदलेली हवा. आणखी पाच मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं. दोन दिवस ठेवावं लागेल.

प्रबोध भिंतीला टेकला. "साधी अक्कल नाही का?" तो म्हणाला. "लहान मुलाला बंद पेटीत उभं करताय, तर हवेला चार भोकं नकोत ठेवायला?"

तेव्हा मला कळलं. मी होते तिथेच खाली बसले. मीनलला वाटलं मला चक्कर आली. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले. पेला तिला परत दिला.

सोमवारी क्लासमध्ये सगळ्या पालकांना बोलावलं होतं. मोठी बाहुली मधे आणून ठेवलेली. मी प्रबोधबरोबर गेले आणि मागे भिंतीशी उभी राहिले. मिस चुआ बोलल्या, पालक बोलले, एका बापानं टेबलावर हात आपटला. मला भाषा कळत नव्हती, पण राग कळत होता. मग गालीना उठली. डोक्यावरचा चष्मा तिनं डोळ्यांवर ओढला आणि बाहुलीच्या टोपीखाली अंगठा घातला. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. खिशातून छोटी सुरी काढून एक ठिपका टोकरला. मग झालरीखाली वाकली. उठली तेव्हा तिनं सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता ती बोट दाखवेल.

तिनं सुरी मिटून खिशात ठेवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोन-तीन वाक्यं बोलून खाली बसली.

परत येताना एमआरटीत प्रबोध म्हणाला, "कबूल केलं बाईनं. म्हणे, भोकं पाडायचीच विसरले. वर सांगते, चूक सगळी माझी. नोकरी गेली तिची. कामाचा पास रद्द होतोय, येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी देश सोडायचा. आणि मी एवढ्यावर सोडणार नाही, पोलिसांत देणार."

त्या बाईनं मला वाचवलं होतं, आणि का, ते मला समजत नव्हतं.

मी आठवडाभर गप्प राहिले. खरं लिहायचं तर भीतीनं. मीनल नीलला माझ्या मांडीवर देऊन निर्धास्त आंघोळीला जात होती. हिनंच आपली पोर कोंडली, असं कळल्यावर ती तसं करेल का? प्रबोध मला तिकीट काढून परत पाठवेल. लोक काय म्हणतील ते वेगळंच. रोज सकाळी ठरवायचं, चहाच्या वेळी सांगू, चहा व्हायचा. तिकडे गालीनाचा एकेक दिवस कमी होत होता.

दहा तारखेला, रविवारी, प्रबोध जेवणाच्या टेबलावर तक्रारीचा कागद लिहीत बसला होता. मीनल बाळाचे कपडे घडी करत होती. लिहून झालं तसं त्यानं ते मराठीत मला वाचून दाखवलं. गालीनाचं नाव आलं तिथे मी म्हटलं, "थांब. ते नाव खोड. माझं घाल."

"काय?"

"भोकं होती. चोवीस होती. मी भरली. चिंचोक्याची खळ केली ना गॅसवर, तू वास येतो म्हणून खिडकी उघडलीस, तीच."

मीनलच्या हातातलं झबलं खाली पडलं. मला वाटलं, आता प्रबोध ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली.

"आणखी कोणाला माहितेय?"

"त्या बाईला."

"मग झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "आई, हे इथेच राहू दे. कुणाला बोलू नकोस. मी तक्रार करत नाही. तू व्हिजिट पासवर आहेस, चौकशी लागली तर कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. तिनं स्वतःहून कबूल केलंय ना? विषय संपला."

ज्या मुलानं आठ दिवस त्या बाईला शिव्या घातल्या, तोच हे म्हणत होता. नाव बदललं आणि गुन्हाच नाहीसा झाला. हा माझ्या पोटचा, माझ्यासाठीच हे करतोय, हे कळत होतं, आणि तरी मला त्याची लाज वाटली.

"मला पण माहितेय," दारातून आवाज आला.

कादंबरी उभी होती. इस्पितळातून आल्यापासून ती फार बोलत नसे.

"काय माहितेय, बाळा?" मीनलनं विचारलं.

"होल्स बंद होते. आधी आत लाइट यायचा, छोटे छोटे गोल. त्या दिवशी एकदम डार्क. मी हात लावून बघितला. आजीनं पेंट केलंय म्हणून बंद झाले, आय नो."

"मग ओरडली का नाहीस?" प्रबोध उठून उभाच राहिला. "टीचरनं टकटक केली तेव्हा तू ओके का दिलंस?"

कादंबरीनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. "बिकॉज टीचर मग सगळं स्क्रॅच करणार. आजीची फुलं जाणार. आय थॉट सेव्हन मिनिट्स ओन्ली. कॅन ला, जमेल, असं वाटलं."

मला आठवतं, नील पाळण्यात हुंकार देत होता. माझ्या नक्षीसाठी ही पोर आत उभी राहिली होती. मरायला टेकली तरी दोनदा वाजवलं. आठ दिवस हे पोटात ठेवून होती, घरी आल्यापासून माझ्या शेजारी झोपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी बदलली, फ्रिजमध्ये ठेवलेली उरलेली खळ डब्यात घेतली, कुंचला घेतला. प्रबोध कामावर गेला होता. कादंबरीला सुट्टी होती. तीही बूट घालून उभी राहिली. "तू घरी थांब, बाय माझी," मी म्हटलं.

"तुला इंग्लिश येतं?"

मी मीनलकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं माझं एमआरटीचं कार्ड पुढे केलं. "जा दोघी," एवढंच म्हणाली.

मिस चुआंनी बाहुली अडगळीच्या खोलीत ठेवली होती. मी त्यांना हाताला धरून तिथे नेलं. गालीनानं टोकरलेला ठिपका होता, त्यात कात्री घालून मी खळीचा गोळा खणून काढला. भोक आरपार निघालं. कडा गुळगुळीत, नीट पाडलेलं भोक. मिस चुआ वाकून बघत होत्या. मग मी डबा उघडला, बोटानं तेच भोक भरलं, पुसलं आणि वर काळा ठिपका दिला. आणि स्वतःकडे बोट दाखवलं. कादंबरीला बोलावंच लागलं नाही. मिस चुआंच्या तोंडून "आय्यो" एवढंच बाहेर पडलं. त्या रंगाच्या डब्यावर बसल्या.

मग त्या कादंबरीशी बोलल्या. कादंबरीनं थांबत थांबत सांगितलं. "ती म्हणते, थँक्यू, तू आलीस. पण एकोणीस मुली क्लास सोडून गेल्या. शो कॅन्सल. आणि भोकं कोणी पण बंद करू दे, आत मुलगी ठेवायच्या आधी टीचरनं चेक करायला पाहिजे होतं. टीचर पण हेच म्हणाली. सो पास परत नाही होणार. पण ती सगळ्या पालकांना लिहिणार, की टीचर होल्स विसरली नव्हती."

तिनं तसं लिहिलंही. त्यानं पास परत आला नाही.

गालीना जवळच्याच ब्लॉकमध्ये एका खोलीत राहायची. दार उघडलं तेव्हा मातीच्या बाहुल्या पलंगावर आडव्या होत्या, ती एकेक वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आधी तिनं कादंबरीला जवळ घेतलं, तिच्या पापण्या वर करून डोळे बघितले, हाताची नाडी बघितली. मग मला खुर्ची दिली.

मी म्हटलं, "हिला विचार, माझं नाव का नाही घेतलंस?"

कादंबरीनं विचारलं. गालीना बाहुली गुंडाळत बोलत राहिली.

"टीचर म्हणते, तू भोकं बंद केलीस, ते खरं. पण आत आधी स्वतःचं डोकं घालायचं, ते तिचं काम. थर्टी इयर्स तिनं तसंच केलं. ह्या वेळी बाहुली इतकी छान होती की ती बाहेरूनच बघत बसली. म्हणते, मी खोटं एवढंच बोलले की विसरले."

मी हात जोडले. तिनं ते सोडवले आणि एकदम काहीतरी विचारलं. कादंबरी गोंधळली. "आजी, ती विचारते, एवढं घट्ट कसं बसलं? तिनं सुरीनं टोकरलं तर निघतच नव्हतं. काय घालतेस?"

मला कळेना हसावं की काय करावं. ही बाई माझ्यामुळे नोकरीला, घराला मुकली होती आणि मला खळीची कृती विचारत होती. खिशातून तीच जुनी वही निघाली. मी सांगितलं: चिंचोके भाजायचे, साल काढायची, रात्रभर भिजत घालायचे, वाटायचे, मंद आचेवर ढवळत शिजवायचे. कादंबरी तिच्या इंग्रजीत सांगत गेली, गालीना तिच्या अक्षरांत लिहीत गेली. "चिंचोका" या शब्दाला तिनं तीनदा विचारलं. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या बाहुल्या बांधल्या.

सोळा डिसेंबरला, शनिवारी, ती गेली. विमानतळावर कादंबरी, मीनल आणि मी गेलो होतो. प्रबोध आला नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा, पण माझ्याकडे न बघता. मीनलनं नीलला माझ्या मांडीवर द्यायला महिना लावला, तोही ती समोर बसली असतानाच. मी तिला दोष दिला नाही. फेब्रुवारीत मी सावंतवाडीला परतले. कादंबरीनं बॅले पुन्हा केला नाही.

किरोव्हला मी दोन पत्रं पाठवली. मी मराठीत लिहायचं, सिंगापूरला पाठवायचं, कादंबरीनं इंग्रजी करून पुढे धाडायचं. पहिल्याचं उत्तर आलं. त्यात नाटकघराच्या एका जुन्या पडद्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, तिकडे चिंच मिळत नाही, मी पिठाची खळ करून पाहते आहे, बसत नाही. दुसऱ्याचं उत्तर आलं ते तिच्या भाचीचं.

गालीना पेत्रोव्हना ११ मार्च २००८ रोजी किरोव्ह इथे हृदय बंद पडून वारल्या. त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या.